शिमिलिगुडा ते नागपूर: आमची वाटचाल

आमच्या कॉफीच्या पाकिटावर 'शिमिलिगुडा' हे नाव ठळक छापलेलं असतं, आणि दुकानात पहिल्यांदा आलेला माणूस हमखास विचारतो, "ताई, हे कुठं आलं?" विशाखापट्टणमहून अराकूकडे जाणारी रेल्वे घाट चढून माथ्यावर येते, तिथलं हे स्टेशन. समुद्रसपाटीपासून ९९६ मीटर. काश्मीरची रेल्वे होईपर्यंत देशातलं सगळ्यांत उंच ब्रॉडगेज स्टेशन म्हणून याचंच नाव घेतलं जायचं. एवढा मान असूनही गाव कोणाच्या खिजगणतीत नाही. बोर्रा गुहा पाहणारे आधीच उतरतात, बाकीचे पुढच्या अराकूला. शिमिलिगुड्याला उतरतो तो गावचा, नाहीतर आमच्यासारखा मालासाठी आलेला.

नागपूरच्या माणसाला हे गाव सापडलं ते रेल्वेमुळेच. माझे वडील रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. नागपूर आणि वॉल्टेअर (म्हणजे विशाखापट्टणम) हे दोन्ही विभाग तेव्हा दक्षिण-पूर्व रेल्वेत होते, मुख्यालय कलकत्त्याला. २००३ साली झोन वेगळे झाले, पण त्याआधी नागपूरच्या मोतीबागेतल्या माणसाची बदली थेट त्या डोंगरात होऊ शकायची. बाबांची झाली. बैलाडिलाच्या खाणींतलं लोहखनिज जपानला पाठवायचं म्हणून १९६० च्या दशकात बांधलेली ही कोत्तवलसा–किरंदूल लाइन, ४४५ किलोमीटरची, ५८ बोगदे. पावसाळ्यात दरडी कोसळल्या की सिग्नलवाल्यांची झोप गेली. सुटीवर येताना बाबा पिशवीतून काजू, हळकुंडं आणि काळी मिरी आणायचे. कधी कॉफीच्या बियाही असायच्या. आई त्या लोखंडी तव्यावर भाजायची आणि घरभर धूर करायची. कॉफी काही फार चांगली होत नसे, पण मिरी मात्र शेजारपाजारचे मागून न्यायचे.

म्हणून आमचा धंदा सुरू झाला तो मिरीपासून. लग्नानंतर मी आणि माझ्या यजमानांनी मसाल्याचं छोटं युनिट टाकलं. भिवापूरची मिरची, वायगावची हळद या दोन गोष्टी विदर्भात हाताशी होत्या. सावजी मसाल्याला झणका देणारी मिरी मात्र इतवारीच्या ठोक बाजारात जी मिळायची, ती आम्हाला पसंत पडेना. बाबा म्हणाले, "माझ्या ओळखीच्या गावात विचारून पाहू." तिथे मिरीचं वेगळं शेत नसतं. कॉफीला सावली लागते म्हणून सिल्व्हर ओकची झाडं लावतात आणि त्या झाडांवर मिरीचे वेल चढवतात. म्हणजे मिरी घ्यायला गेलेला माणूस कॉफीच्या बागेतच जाऊन उभा राहतो. आमचं तसंच झालं.

पहिली काही वर्षं आम्ही मिरीच घेत होतो. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद वादळ विशाखापट्टणमवर आदळलं. शहराच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या, डोंगरात काय झालं ते कमीच लोकांना कळलं. सिल्व्हर ओक उन्मळून पडले, त्यांच्याबरोबर वेल गेले, आणि सावली गेल्यामुळे वाचलेली कॉफीची झाडंही उन्हात करपली. त्या हंगामात मिरी आलीच नाही. भेटायला गेलो तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांच्या गटाच्या म्होरक्याने, ज्याला गावात सगळे अन्ना म्हणतात, आम्हाला बागेत नेलं आणि आडव्या पडलेल्या खोडांवरून चालत चालत सांगितलं की वेल परत तयार व्हायला वर्षं जातील, कॉफी त्यातल्या त्यात लवकर सावरेल. "तुम्ही कॉफी का घेत नाही?" हा त्याचा प्रश्न. बाबांनी आपल्या रेल्वेतल्या तेलुगूत त्याचं भाषांतर केलं आणि वर स्वतःचं जोडलं, "बरोबर बोलतोय तो."

या डोंगरात कॉफी काही आदिकाळापासून नाही. इंग्रजांच्या काळात ती थोडीफार आली. पुढे १९६० च्या दशकात वनखात्याने लागवड वाढवली आणि नंतर आदिवासी विकासाच्या योजनांतून ती लोकांच्या स्वतःच्या जमिनीवर गेली. उतारावरचं रान तोडून, जाळून नाचणी-सामा पिकवायची फिरती शेती तिथे होती, तिला 'पोडू' म्हणतात. कॉफीला सावली हवी, सावलीला झाडं हवीत. झाडं टिकली तर उतार टिकतो, हा त्यामागचा हिशेब. आज अराकूच्या पट्ट्यात बहुतेक बागा एक-दोन एकरांच्या आहेत आणि मालक आदिवासीच आहेत. आमचे एक जुने गिऱ्हाईक दरवेळी सल्ला देतात, "तिथं दहा-वीस एकर घेऊन टाका ना जी, कायले दुसऱ्याच्या भरवशावर राहता!" त्यांना सांगते की आंध्रच्या अनुसूचित क्षेत्रात १९७० चा पहिला नियम लागू आहे, लोक त्याला 'वन ऑफ सेव्हन्टी' म्हणतात. बिगर-आदिवासी माणसाला तिथे जमीन विकत घेताच येत नाही. आणि कायदा नसता तरी मला घ्यायची नव्हती. ज्यांची बाग आहे त्यांनीच तोडलेली, धुतलेली, वाळवलेली कॉफी आम्हाला मिळते, म्हणून ती बरी लागते असं माझं मत आहे.

कॉफीचं खरं काम भट्टीवर होतं असं लोकांना वाटतं. भट्टीवर आम्ही फार तर आलेला माल बिघडू देत नाही. चव ठरते ती नोव्हेंबर ते जानेवारीत, फळ तोडल्यापासून पुढच्या दोन-तीन आठवड्यांत. एकाच फांदीवर हिरवं, पिवळं आणि लालभडक फळ शेजारी शेजारी असतं. मूठ घालून ओरबाडलं की काम पटकन होतं आणि कप तुरट होतो. एकेक लाल फळ वेचायचं तर त्याच झाडाकडे परत परत यावं लागतं. आमची पहिली अट हीच होती: फक्त लाल फळ, आणि त्यासाठी किलोमागे जास्तीचा दर. अट ऐकून तोडणीच्या बायका हसल्या. एकीने तोंडावर विचारलं, "हिरवं निघालं तर पैसे कापणार, मग जास्त लाल निघालं तर वाढवणार का?" वाढवणार, असं सांगितलं आणि तसंच चालू ठेवलं. सहा किलो फळातून जेमतेम एक किलो बी निघते. हे गणित एकदा डोळ्यांनी पाहिलं की घासाघीस करायचा धीर होत नाही.

तोडलेलं फळ त्याच दिवशी पल्परमधून, म्हणजे साल काढायच्या यंत्रातून, जातं, नाहीतर ते आंबतं. साल निघाल्यावर बियांवर एक बुळबुळीत थर राहतो. तो टाकीत रात्रभर सुटू द्यायचा, थंडी जास्त असेल तर आणखी थोडा वेळ, आणि मग धुऊन काढायचा. मूठभर बिया हातात चोळल्या की पूर्वी निसटायच्या त्या आता खरखर वाजतात, म्हणजे झालं. पुढचं वाळवणं सगळ्यांत जिकिरीचं. कमरेएवढ्या उंच मांडवांवर जाळी ताणून त्यावर बिया पसरतात. दुपारी ऊन चढलं की झाकायच्या, कारण भराभर वाळलं की टरफल तडकतं. संध्याकाळी पुन्हा झाकायच्या, कारण डोंगरात दव पडतं. दिवसभर कोणीतरी हाताने वरखाली करत असतं आणि हात फिरवताफिरवता तुटकं, काळं, किडकं वेचून पदरात टाकत असतं. आमच्याकडे ओलावा मोजायचं मीटर आहे. दहा-अकरा टक्क्यांवर आलं की पोती भरायची. पण मांडवावरची म्हातारी एक बी दाताखाली धरते आणि सांगते, आज नाही, परवा. मीटर बहुतेक वेळा तिच्या बाजूने बोलतं.

पैसे आम्ही माल उचलतानाच देतो. याला काही लोक भाबडेपणा म्हणतात. माझ्या मते छोट्या व्यापाऱ्याकडे दुसरं काय असतं? मोठ्यांच्या दराशी आमची बरोबरी होत नाही. तिथे गिरिजन सहकारी महामंडळ खरेदी करतं, नावाजलेल्या कंपन्या आहेत, आणि २०१७ साली तर पॅरिसमध्ये अराकूच्या नावाचं दुकानही उघडलं. पॅरिसला पोचलेली ती कॉफी नागपूरला पोचायला आमच्यासारख्यांची वाट पाहत होती, याचं मला अजूनही हसू येतं. २०१९ मध्ये अराकू व्हॅली अरेबिकाला (अरेबिका ही कॉफीची एक जात) कूर्ग, चिकमगळूर वगैरे चार कॉफींबरोबर भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा इथल्या लोकांना नाव थोडं ओळखीचं झालं.

चैत्रात मात्र तिथे धंद्याचं बोलायचं नाही. इटुकुल पंडुग हा सण सुरू असतो. पुरुष शिकारीच्या नावाने रानात जातात, बाया रस्त्यावर बांबू आडवा धरून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांकडून पैसे घेतात आणि रात्री धिमसा नाचतात. आपल्या मेळघाटात होळीला कोरकू लोक फगवा मागतात, तसलाच प्रकार. आमच्या गाडीलाही सूट नाही. फोन तर कोणी उचलतच नाही.

माल नागपूरला येतो तो टरफलासकट, म्हणजे पार्चमेंट. टरफल काढायचं यंत्र आम्हाला भंडाऱ्याच्या एका फॅब्रिकेटरने भातगिरणीच्या हलरवरून बेतून दिलं. टरफल राहू दिल्याचा फायदा असा की बी आतमध्ये सांभाळून राहते. मे महिन्यात नागपूरचं ऊन पंचेचाळीसच्या पुढे जातं, हवा कोरडी ठक्क. उघडी हिरवी, म्हणजे न भाजलेली, कॉफी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली तर महिन्याभरात तिचा रंग उडतो आणि भाजताना ती भसकन जळते. म्हणून हिंगण्याच्या युनिटमध्ये गोदामाची एक खोली कूलर लावून, पोती भिंतीपासून हातभर दूर ठेवून सांभाळतो, आणि टरफल काढतो ते आठवड्याच्या भाजणीपुरतंच. भाजायचं मशीन लहान आहे. त्याच्या कर्जासाठी एका बँकेत गेलो तर साहेबांनी विचारलं, "विदर्भात कॉफी पितं कोण?" दुसरीकडून मुद्रा योजनेत काम झालं.

प्रश्न मात्र अगदीच चुकीचा नव्हता. सुरुवातीला आमची गिऱ्हाइकं म्हणजे नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेली तमिळ-तेलुगू कुटुंबं. त्यांना पितळी फिल्टरमधली, चिकोरी घातलेली कॉफी हवी. आम्ही ती देतो. चिकोरी म्हणजे भेसळ नव्हे, ती एका मुळाची भाजलेली पूड आहे. कायद्याने मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी आणि प्रमाण पाकिटावर छापायला हवं. आमच्याकडे ८०-२० आहे, त्याखाली जात नाही. तरुण मुलं आली ती नंतर, कोरोनाच्या काळात, घरात बसून मोबाईलवर कॉफी करायला शिकलेली. त्यांना चिकोरी नको, दूध नको, भाजल्याची तारीख हवी. आणि तिसरा वर्ग आमचा लाडका: तर्री पोहे खाऊन झाल्यावर दुकानात शिरणारे, एक घोट घेऊन "हे तं लयच कडू हाये बाप्पा" म्हणणारे आणि पुढच्या आठवड्यात पाव किलो नेणारे.

यातलेच काही विचारतात, "चिखलदऱ्याची ठेवता का?" महाराष्ट्रात कॉफी होते ती चिखलदऱ्याला, ही गोष्ट शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेली आहे. होतेही, इंग्रजांच्या वेळेपासून. पण तिथला माल थोडा, आम्हाला वर्षभर पुरेल असा नाही. पाकिटावर 'मेळघाट' छापून आत भलतंच भरलं तर इथे दुप्पट खपेल, हे आम्हाला ठाऊक आहे. असा सल्ला देणारे डिस्ट्रिब्युटरही भेटले. त्यांच्याशी पुढे व्यवहार झाला नाही.

गेली दोन वर्षं ओढाताणीची गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये जगाच्या बाजारात अरेबिकाचा भाव पौंडाला चार डॉलरच्या वर गेला, तोवरचा उच्चांक. गावात दर वाढले, ते आम्ही आनंदाने दिले आणि इथे पाकिटामागे किंमत वाढवली. काही हॉटेलवाले सुटले. त्याच वर्षी पावसाळ्यात अराकूच्या भागात कॉफी बेरी बोरर सापडला. बारीक काळा किडा, फळाला टोकाकडून भोक पाडून आत बीमध्ये घर करतो. कीड लागलेली फळं तोडून उकळत्या पाण्यात टाकायची आणि पुरायची, एवढाच खात्रीचा उपाय. अन्नाच्या गटाने झाडाखाली पडलेलं एकेक फळसुद्धा वेचून काढलं. आम्ही जुनी पोती परत पाठवणं बंद केलं, आता दर हंगामाला नवीनच पाठवतो. खर्च वाढला, पण पोत्यातून कीड डोंगर चढायला नको.

बाबा आता प्रवास करत नाहीत. फोनवर अन्नाशी भाव तेच बोलतात आणि माझ्यापेक्षा जास्त देऊन बसतात.

नवा माल दरवर्षी मार्चच्या सुमारास नागपूरला लागतो आणि पहिली भाजणी गुढीपाडव्याच्या आसपास निघते. पीबेरी, म्हणजे फळात दोनाऐवजी एकच गोल बी असते ती, फार थोडी निघते. ती आम्ही वेगळी ठेवतो आणि आधी सांगणाऱ्यालाच देतो. फिल्टरची पूड वर्षभर मिळते. ती दळून मागितली तर फिल्टर पितळी की स्टीलचा तेवढं सांगा, जाळीची भोकं वेगळी असतात. मिरी पुन्हा सुरू झाली आहे, वादळानंतर लावलेले वेल आता धरले आहेत. मिरी किलोवर आहे, कॉफी पाव किलोपासून. मे महिन्यात कुरिअरने मागवणार असाल तर पाकीट घरी आल्याबरोबर आत घ्या, दारात उन्हात ठेवू नका.