सातनंतरची बाग

मागे एका मंगळवारी रजा टाकून घरी होते. दुपारी बाराच्या सुमाराला बाल्कनीत टॉवेल वाळत घालायला गेले तर कठड्यावरच्या लांबट कुंडीत ऑफिस टाइम नुसतं फुललेलं. राणी, पिवळी, शेंदरी, मधूनच एखादं पांढरं. घोडबंदर रोडच्या नर्सरीतून रोपं आणली मीच, शेणखत घातलं मीच, पण आमची गाठ पडते ती सकाळी सव्वासातला, नाहीतर रात्री आठला. दोन्ही वेळा पाकळ्या मिटलेल्या. ऊन चढल्याशिवाय उघडायचं नाही आणि ऊन कलल्यावर थांबायचं नाही, असा त्या फुलांचा खाक्या.

"आज पिवळी जास्त आलीत, ताई. काल राणी होती," आतून मावशी म्हणाल्या. भांड्यांवरची नजर न उचलता.

म्हणजे रोजचा हिशेब त्यांच्याकडे होता! मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की म्हटलं, मावशी, चार फांद्या घेऊन जा, मातीत खोचल्या तरी जगतात. तर म्हणतात, "आणि बघणार कोण? दिवसा मी घरी कुठे असते?"

तेव्हापासून कुणी बाल्कनी, गच्ची, टेरेस सजवायचं म्हटलं की मी आधी विचारते, तुम्ही तिथे बसणार किती वाजता? लोकांना हा प्रश्न अजिबात आवडत नाही. त्यांना टाइल्सबद्दल बोलायचं असतं. आमच्या समोरच्या विंगेत एकांनी टेरेसवर हिरवं खोटं गवत अंथरलं, पंपाचं कारंजं बसवलं, बुद्धाचं मस्तक मांडलं आणि कडेने लालभडक पेटुनिया. फोटो फार सुंदर आले. दुपारी त्या गवतावर पाय ठेववत नाही, आणि दोघं नवराबायको घरी येतात तोवर पेटुनिया काळ्या पडलेल्या असतात. कोमेजून नव्हे, अंधारू लागलं की डोळ्यांना सगळ्यात आधी लाल रंग दिसेनासा होतो. पांढरा शेवटपर्यंत टिकतो. पण हे सांगायला गेलं की आपण आगाऊ ठरतो.

आमच्या आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं. नौपाड्यातलं आमचं घर बैठं. मागच्या दारी शहाबादी फरशी, कपडे धुवायचा दगड आणि मोरीच्या पाण्यावर माजलेली गुलबक्षी. ती चारच्या सुमाराला उमलायला लागली की आजी चहाचं आधण ठेवी. घड्याळ माजघरात होतं, पण त्याच्यावर तिचा विश्वास नसावा. पावसाळ्यात आभाळ भरून आलं की गुलबक्षी लवकरच उघडायची, आणि मग चहाही तीनला. आजोबा त्या दिवसांत दोनदा चहा पदरात पाडून घेत, चारला पुन्हा "अगं, चार वाजले" म्हणून. आम्ही मुली फुलांच्या लांब नळ्या एकीत एक गुंफून सुईदोऱ्याशिवाय वेणी करायचो. काळं बी फोडलं की आत पांढरी पूड, ती गालाला. अंगण कुणी सजवलं वगैरे नव्हतं. पण त्या वेळेला घरातलं प्रत्येक माणूस तिथे, फरशीवर नाहीतर पायरीवर, टेकलेलं असायचं. आता तिथे स्टिल्ट पार्किंग आहे. चांगलं आहे, गाडी उन्हात तापत नाही.

तर माझी बाग सातनंतरची. मोगरा, कुंद, आणि ड्रममध्ये मधुमालती. मोगऱ्याची पानं थंडी सरताना निर्दयपणे ओरबाडायची, फांद्या छाटायच्या, मग चैत्र-वैशाखात तो मन लावून फुलतो. आमची बाल्कनी पश्चिमेची, म्हणून त्याला ऊनही मिळतं. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मग लाल. मला पांढरी तेवढी भेटते, बाकीचे रंग मावशींच्या वाट्याला. बल्ब एकच, पिवळा, गुडघ्याच्या उंचीवर. अळंब्याच्या आकाराचे सोलर दिवे मी घरात येऊ देणार नाही, मग ते कुणी वाढदिवसाला का दिलेले असेनात. कारंजंही नको, जुलैत ठाण्यात वरून पडतं तेवढं पाणी पुरे, कुंड्यांखालच्या ताटल्या उपसताना जीव जातो. शिवाय ते गळलं की खालच्या मजल्यावरचे वाळत घातलेले शर्ट आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो.

बसायला लोखंडी घडीची खुर्ची. एकच आहे, कारण दुसरी ठेवली तर मधुमालतीचा ड्रम हलवावा लागेल, आणि तो ओल्या मातीसकट आता कुणालाच हलत नाही.

रातराणी मात्र अजून आलेली नाही. रोप आणलं होतं. सासूबाईंनी दारातूनच परत पाठवलं. रातराणीखाली साप येतो म्हणे. म्हटलं, आई, पाचव्या मजल्यावर साप काय लिफ्टने येणार? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "२०१९ साली बिबट्या मॉलमध्ये शिरला होता. ठाण्यातच."

यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. रोप सध्या माझ्या बहिणीकडे, ऐरोलीला आहे. ती नाइट शिफ्ट करते.