फळं जास्त झाली की देऊन टाकू नका, नीट द्या

फळझाडाचं एक आहे, ते देतं तेव्हा सगळं एकदमच देतं. महिनोनमहिने काही नाही आणि मग पंधरा-वीस दिवसांत घरात ठेवायला जागा नाही अशी अवस्था, शेजारीपाजारी वाटून होतं, फ्रीज भरतो, आणि तरी झाडाखाली सडा पडतोच. आणि त्याच वेळी जवळपास कुठेतरी एखादं वसतिगृह, वृद्धाश्रम, निवारा केंद्र असतं जिथे रोजच्या जेवणात पोट भरेल एवढं असतं पण फळ नसतं. धान्य, डाळ, बिस्किटं लोक देतात कारण ती टिकतात, ताजं फळ फार कमी जण देतात. डब्ल्यूएचओ सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात, आणि पैसे कमी पडले की ताटातून पहिल्यांदा फळच जातं हे आपण सगळेच बघतो.

म्हणून मला वाटतं की हे दान फार मोलाचं आहे, पण ते वेळेवर झालं तरच. माझं सगळं म्हणणं या वेळेवरच आहे. आपण काय करतो, आधी घरचं खाऊन बघतो, मग वाट बघतो, आणि फळं मऊ पडायला लागली की "चला आता कोणाला तरी देऊ". त्या टप्प्याला दिलेलं फळ तिथल्या स्वयंपाकघरात पोचतं तेव्हा त्यांच्याकडे जेमतेम एक दिवस असतो, आणि निवडून फेकायचं काम त्यांच्याच माणसांवर पडतं जी आधीच दमलेली असतात.

इथे फळाचा स्वभाव माहीत असला की खूप सोपं होतं. आंबा, चिकू, केळी, पपई ही फळं तोडल्यावरही पिकतात, म्हणजे पूर्ण भरलेली पण अजून कडक असतानाच काढून द्यायची, तिथे गेल्यावर हळूहळू पिकतील आणि त्यांना चार-पाच दिवस मिळतील. पपईवर पिवळी रेघ दिसली की काढावी. लिंबू, संत्री, द्राक्षं, डाळिंब यांचं उलट, तोडल्यावर यांची गोडी वाढत नाही, त्यामुळे झाडावरच तयार होऊ द्यायची, पण लिंबू-संत्री झाडावर आणि तोडल्यावरही बऱ्यापैकी टिकतात तर घाई नसते, हप्त्याहप्त्याने देता येतात. आणि पिकलेलं फळ कच्च्यांच्या क्रेटमध्ये टाकू नका, त्यातून इथिलीन वायू निघतो आणि सगळीच एकदम पिकतात.

काढायचं सकाळी, ऊन चढायच्या आत. जाळीचा झेला असेल तर उत्तम, खाली पाडायचं नाही. आंब्याला थोडा देठ ठेवून कापायचं नाहीतर चीक सालीवर ओघळून काळे डाग पडतात. धुऊन द्यावं असं वाटतं खरं पण ओल राहिली की बुरशी लवकर धरते, कोरड्या फडक्याने पुसलं तरी पुरे. जमिनीवर पडलेलं, पक्ष्यांनी टोचलेलं, फुटलेलं फळ दानात घालायचंच नाही, ते कंपोस्टला. झाडावर औषध फवारलं असेल तर बाटलीवर लिहिलेले थांबायचे दिवस पूर्ण झाल्याशिवाय एकही फळ द्यायचं नाही, इथे अजिबात तडजोड नको.

आणि नेण्याआधी फोन करा प्लीज. किती माणसं आहेत, लहान मुलं किती, म्हातारी माणसं किती, फ्रीज आहे का, कोणत्या दिवशी आणलेलं बरं. दात नसलेल्यांना कडक पेरू देऊन काय उपयोग, तिथे पपई किंवा केळी द्यावीत. किडनीचे पेशंट असतील तर स्टारफ्रूट म्हणजे कमरख देऊच नका, त्यांना ते खरंच घातक ठरू शकतं. कधीकधी ते म्हणतात की आत्ता नको, परवाच खूप आलीत, तर वाईट वाटून घ्यायचं नाही, दुसरीकडे विचारायचं.

हे सगळं लहानसं काम वाटेल पण जगातली पहिली फूड बँक, म्हणजे उरलेलं अन्न गोळा करून गरजूंपर्यंत पोचवणारी संस्था, म्हणून जी ओळखली जाते ना, अमेरिकेतल्या फिनिक्सची सेंट मेरीज, १९६७ ची, तिच्या मागचे जॉन व्हॅन हेंगल यांनी सुरुवात लोकांच्या झाडांवरची उरलेली संत्री-लिंबं गोळा करण्यापासूनच केली होती. टोरांटोमध्ये २००८ पासून एक ग्रुप चालतो, नॉट फार फ्रॉम द ट्री, त्यांचा हिशोब मला फार आवडतो, एक तृतीयांश फळं झाडाच्या मालकाला, एक तृतीयांश तोडणाऱ्यांना आणि एक तृतीयांश गरजूंसाठी काम करणाऱ्या संस्थांना.

कारण अडचण पुष्कळदा मनाची नसतेच, हातांची असते. झाड आहे पण वय झालंय, शिडीवर चढवत नाही, मुलं लांब राहतात, म्हणून फळं तशीच गळून जातात. अशा घरी जाऊन सरळ विचारा, आम्ही काढून देतो, तुम्हाला हवी तेवढी ठेवा, बाकीची पोचवतो. फक्त शिडी आपली आपण न्यायची, फांद्या मोडायच्या नाहीत, आणि निघताना झाडाखालचा सगळा पालापाचोळा झाडून यायचं म्हणजे पुढच्या बहराला ते स्वतःहून बोलावतात.