उंदराचं पित्त मोजताना

एम.फार्म.च्या प्रोजेक्टला विषय मिळाला तो असा: कोकमाच्या सालीचा अर्क ॲसिड रिफ्लक्सवर, म्हणजे जठरातलं आम्ल अन्ननलिकेत चढतं त्यावर, उपयोगी पडतो का, हे उंदरांवर तपासायचं. कुडाळला घरी सांगितलं तर आजी म्हणाली, "उंदराक खंयचा पित्त?" प्रश्न बिनतोड होता. उंदराला उलटी होत नाही, आणि छातीत जळजळतंय हे तो सांगणार कसा?

माणसाच्या बाबतीत नाकातून बारीक नळी घालतात. अन्ननलिकेच्या खालच्या झडपेच्या ५ सेंटिमीटर वर सेन्सर ठेवून २४ तास पीएच (जितका कमी तितकं आम्ल जास्त) नोंदवतात आणि तो ४ च्या खाली किती वेळ राहिला ते बघतात. जागा उंदीर असली नळी दातांनी कुरतडून टाकेल. आमच्याकडे एवढा बारीक इलेक्ट्रोडही नव्हता. म्हणून जुनी, ढोबळ पद्धत घेतली.

आधी अर्थातच कागदपत्रं. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा, त्याखाली केंद्राची समिती, कॉलेजात नैतिकता समिती आणि तिच्यापुढे फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज. "एवढेच प्राणी का? याहून कमी का नकोत?" यावर चांगलंच घासून घेतलं त्यांनी. तेव्हा राग आला होता, पण तो प्रश्न विचारायलाच हवा.

खरा त्रास हवेचा. प्राण्यांच्या खोलीत आर्द्रता ३० ते ७० टक्के हवी, आणि बाहेर आषाढातला कोकण. पिंजऱ्यात घातलेलं भाताचं तूस बघता बघता दमट होऊन वास मारायचं. आर्द्रता कमी करणारं मशीन दुरुस्त करणारा माणूस घाटावरून यायचा, म्हणजे येत नसे.

ऑपरेशनच्या आधी २४ तास उपास, फक्त पाणी. पण उपाशी उंदीर तूस खातो, स्वतःच्या लेंड्याही खातो, आणि पोट रिकामं राहत नाही. त्यासाठी खाली जाळी असलेले पिंजरे लागतात.

उंदराच्या जठराचे दोन भाग असतात. वरचा पातळ, फिकट, साठवणीचा. खालचा जाड, ग्रंथींचा, आम्ल तयार करणारा. मध्ये उघड्या डोळ्यांना दिसेल अशी कड असते. भूल देऊन त्या कडेवर एक गाठ बांधायची, दुसरी जठर आतड्याला मिळतं तिथे. आम्लाला खाली वाट नाही, वर साठायला जागा नाही. ते अन्ननलिकेत चढतं. ६ तासांनी प्राण्याला वेदनारहित मरण द्यायचं आणि अन्ननलिका उभी कापून उघडायची. निरोगी असेल तर आतून पांढुरकी, गुळगुळीत दिसते. पहिल्या कंट्रोलच्या, म्हणजे औषध न दिलेल्या, उंदराची उघडली तेव्हा भिंगाखाली लालभडक रेघा दिसल्या, काही ठिकाणी रक्त गोठलेलं. ॲसिड वर आलं होतं, त्याला वेगळ्या पुराव्याची गरज नव्हती. या जखमांना गुण द्यायचे असतात. ते काम माझ्या मैत्रिणीने केलं, कारण कुठला उंदीर कुठल्या गटातला हे तिला ठाऊक नव्हतं.

जठरातला रस सेंट्रिफ्यूज करून ०.०१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट केला, म्हणजे आम्ल मारायला ते किती लागतं ते मोजलं. टॉपफर्स रिएजंट या रंग बदलणाऱ्या द्रावणाचा लाल रंग जाऊन पिवळसर नारिंगी येईपर्यंत मुक्त आम्ल. पुढे फिनॉल्फ्थॅलिन या दुसऱ्या द्रावणाने गुलाबी छटा धरेपर्यंत एकूण आम्ल. कोकम मुळातच आंबट, त्यामुळे अर्काचा स्वतःचा पीएच आधी नोंदवून ठेवावा लागला. नाहीतर आम्ल जठराचं की आमसुलाचं, हा घोळ झाला असता. तुलनेला ओमेप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध होतंच.

व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, हा माणसाच्या ॲसिडिटीचा नमुना आहे का? मी नाही म्हटलं. माणसाचा त्रास वर्षानुवर्षांचा, झडप सैल पडल्यामुळे होणारा. इथे गाठी मारून काही तासांत केलेली जखम आहे. आम्ल कमी झालं की ती कमी होते का, एवढंच यातून कळतं. आजीला कोकमाचं सर्टिफिकेट हवं होतं, तिलाही हेच सांगितलं. तिने सोलकढीची वाटी पुढे सरकवली.

कोणाला हे मॉडेल करायचं असेल तर ऑपरेशनं पावसाळी दमटपणा सरल्यावर, दिवाळीनंतर ठेवा, आणि अन्ननलिकेच्या पेशींच्या स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली कोण वाचणार ते फॉर्म बी भरण्याआधी ठरवा.