२६एएसमधली एक ओळ

रिटर्न भरायला घेतलं की मी आधी २६एएस, म्हणजे पक्षकाराच्या नावावर कापलेल्या कराचा आयकर खात्याकडचा उतारा, उतरवून घेते, पक्षकाराची फाईल नंतर उघडते. कुणी किती टीडीएस कापला ते तिथे दिसतं, आणि माणूस विसरलेल्या एफडीही तिथेच सापडतात. जुलै २०२४ मध्ये एका डॉक्टरांचा २६एएस उघडला. त्यांचं कराचं काम बारा वर्षं माझ्याकडे आहे. रोख फीचीही पावती फाडणारा माणूस. पण यादीत एक ओळ नवीन होती: कलम १९४आर, एक औषध कंपनी, रक्कम २,००,०००, कर २०,०००.

हे कलम १ जुलै २०२२ पासून लागू झालं. व्यवसायाच्या नात्याने कुणाला वर्षात २०,००० रुपयांहून जास्त लाभ दिला, तर देणाऱ्याने त्यावर दहा टक्के कर भरायचा. लाभ वस्तूचा किंवा सहलीचा असेल तर कापणार कशातून? मग कंपनी कर स्वतः भरते आणि तोही लाभातच धरते. म्हणून २,००,००० असा गोल आकडा दिसला की मी नव्वद टक्के काढून बघते. मूळ खर्च १,८०,०००. आकडा असा उलगडला की मला माझं काम फार आवडतं. त्या दिवशी मात्र पोटात गोळा आला.

फोन केला. "डॉक्टर, या कंपनीने तुम्हाला काय दिलं होतं?"

"काहीच नाही हो मॅडम. भेटवस्तू मी दारातूनच परत पाठवतो."

हे खरं आहे. त्यांच्या दवाखान्यातून औषध कंपनीचा एम.आर. खोकं तसंच घेऊन बाहेर पडताना मी स्वतः पाहिलाय. मग पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही.

"ती नोव्हेंबरमधली कॉन्फरन्स असेल. आम्ही दोघं गेलो होतो."

कॉन्फरन्स दोन दिवसांची, मुक्काम सहा दिवसांचा, तिकिटं दोघांची. त्यांच्या मनात ती भेट नव्हतीच, शिक्षण होतं. ते खोटं बोलत नव्हते, आणि मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

"एआयएसमध्ये प्रतिसाद देता येतो ना? माहिती चुकीची आहे म्हणून टाका." एआयएस म्हणजे आयकर खात्याकडे आपल्याबद्दल जमा झालेल्या माहितीचं वार्षिक पत्रक.

मी नाही म्हणाले. माहिती बरोबर होती. कलम २८ खाली ते व्यवसायाचं उत्पन्न. तीस टक्के आणि सेस धरून ६२,४०० कर, त्यातून २०,००० वजा, म्हणजे खिशातून ४२,४००. पैशाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. विचारलं ते एवढंच: "हे मेडिकल कौन्सिलला कळतं का?"

भीती बिनबुडाची नव्हती. डिसेंबर २००९ मध्ये आचारसंहितेत दुरुस्ती झाली तेव्हापासून डॉक्टरांना कंपनीकडून भेटवस्तू आणि असा प्रवास घ्यायला बंदी आहे. २०१६ मध्ये शिक्षा ठरल्या. लाखाच्या वर असेल तर वर्षाहून जास्त काळ नोंदणी जाऊ शकते. तरीही मला उत्तर द्यावं लागलं, "आपोआप नाही कळत." ते उत्तर देताना मला लाज वाटली.

सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात डॉक्टरांना दिलेल्या अशा भेटींचा खर्च कंपनीला करातून वजा करता येणार नाही असं सांगितलं. या भेटींचा खर्च औषधाच्या किमतीत मिसळला जातो, हेही त्यात म्हटलंय. म्हणजे ते १,८०,००० शेवटी पेशंटच्या बिलातून आले. ती ओळ कंपनीला दिसते, आयकर खात्याला दिसते, डॉक्टरांना आणि मला दिसते. पेशंटला नाही. अमेरिकेत २०१४ पासून डॉक्टरचं नाव टाकून कुणीही बघू शकतो की कुठल्या कंपनीने त्याला काय दिलं. आपल्याकडे १२ मार्च २०२४ ला औषध कंपन्यांसाठी नवी संहिता आली, कुटुंबाच्या प्रवासालाही त्यात मनाई आहे. पण तक्रार ऐकायची कंपन्यांच्याच संघटनेतल्या समितीने! ही व्यवस्था मला पटत नाही.

दवाखान्याला लागून असलेलं मेडिकल त्यांच्या पत्नीच्या नावावर आहे. त्याचेही हिशेब माझ्याकडे. ३१ मार्चच्या स्टॉकसाठी दुकानाच्या सॉफ्टवेअरमधून रिपोर्ट आलेलेच होते. कंपनीवार खरेदीचा रिपोर्ट मला लागत नव्हता, तरी मी काढला. डिसेंबर ते मार्च, त्या कंपनीची खरेदी आधीच्या चार महिन्यांच्या जवळजवळ दीडपट. थंडीत खोकला-तापाची औषधं वाढतातच, म्हणून आदल्या वर्षीचे तेच महिने काढले. तेव्हाही वाढ होती, पण इतकी नाही. साथ असेल, एखादं नवं औषध खरंच चांगलं असेल. औषधातलं मला काही कळत नाही, आणि पक्षकाराची माहिती बाहेर न्यायचा मला अधिकार नाही. फाईल बंद केली. रिटर्न उत्पन्न दाखवूनच भरलं, त्यांनी मुकाट्याने सही केली.

यंदा त्यांचा २६एएस उतरवला तर १९४आर ची ओळ नव्हती. डॉक्टरांनी जाणं थांबवलं, की रकमा वीस हजारांच्या खाली आल्या, हे त्या कागदावरून सांगता येत नाही. फोनवर नेहमीची चौकशी झाली, पण हे त्यांनाही विचारलं नाही. दुकानाचा कंपनीवार रिपोर्ट अजून काढलेला नाही.