राधानगरी: जिथं नदीच कालवा आहे

पावसाळ्यात कोल्हापूरकराला दोन आकडे पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर, आणि राधानगरीचे दरवाजे किती उघडले. दुसरा आकडा जिथून येतो ते धरण बघायला जुलैअखेर निघालो. हळदी, परिते करत वाट भोगावतीच्या कडेकडेनं जाते. दोन्ही अंगाला ऊस आणि नदी पात्राबाहेर पडायच्या बेतात.

फेजिवड्याजवळ आधी आवाज आला, मग धरण दिसलं. सातपैकी चार दरवाजे उघडे. हे दरवाजे कुणी उघडत नाही. तलाव भरून पाणी ठरलेल्या पातळीला टेकलं की ते आपसूक उघडतात, पाणी उतरलं की मिटतात. ना मोटार, ना साहेबाचा हुकूम! एकेका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी. टपरीवाल्या मामांना विचारलं, "कधीपासनं उघडल्यात, मामा?"

"रात्री दोन हुते, पहाटं चार झाले. आता तुमी कोल्हापूरवाल्यांनी गाड्या वर काढायच्या."

धरणाचं काम शाहू महाराजांनी १९०९ साली सुरू केलं. १८९६-९७चा दुष्काळ त्यांनी जवळून पाहिला होता. पण एवढं दगडी काम संस्थानाच्या तिजोरीला झेपेना. १९१८ला भिंत ४० फुटांवर आली आणि पैशाअभावी काम थांबलं. १९२२ला महाराज गेले. धरण पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचं दशक उजाडावं लागलं. आज साठा सव्वाआठ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर. जलाशयाचं नाव लक्ष्मी तलाव. गावाला नाव महाराजांच्या कन्येचं, राधाबाईंचं.

मला मात्र भिंतीपेक्षा खालची व्यवस्था जास्त भारी वाटते. या धरणाला कालव्यांचं जाळं नाही. पाणी थेट नदीत सोडतात आणि ते ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी अडवतात. पाऊस सरला की दगडी खांबांच्या खाचांत बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या घालायच्या, पुढच्या पावसाआधी काढायच्या. अडलेल्या पाण्यावर शेतकऱ्यांच्या मोटारी चालतात, गावोगावच्या नळपाणी योजनांच्या जॅकवेलही (नदीचं पाणी उपसायच्या विहिरी) त्यावरच. धरणातून पाणी सुटायला उशीर झाला, तर उन्हाळ्यात उसाआधी घरातला हंडा बोंबलतो.

परतताना राशिवड्याचा बंधारा बघायचा होता, पण तो पाण्याखाली. बंधारे बघायचे तर दिवाळीनंतर या. तेव्हा बर्गे बसलेले असतात.