सही माझी आहे, संमती नाही

परस्पर संमतीच्या घटस्फोटाची शेवटची तारीख म्हणजे वकिलाला अर्धी सुट्टी, असं आमच्या बाररूममध्ये गमतीने म्हणतात. युक्तिवाद नाही, उलटतपास नाही. पुकारा होतो, नवरा-बायको समोर उभे राहतात, न्यायाधीश दोघांना तीन-चार प्रश्न विचारतात आणि पुढच्या प्रकरणाचा पुकारा होतो. त्यातून कौटुंबिक न्यायालयात वकिलाला हक्काने उभंही राहता येत नाही. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३प्रमाणे न्यायालयाची परवानगी लागते. ती सहसा मिळते, पण बोलायचं असतं पक्षकारांनीच. त्या दिवशी मी नवऱ्याची वकील होते आणि मागे उभी राहून दुसऱ्याच एका प्रकरणाची फाइल चाळत होते.

"स्वखुशीने आलात ना? कुणाचा दबाव नाही?" साहेबांनी बाईंना विचारलं. रोज इतक्या वेळा विचारला जातो हा प्रश्न, की उत्तर यायच्या आत स्टेनोने 'होय' टाइप केलेलं असतं.

"साहेब, कागदावरची सही माझीच आहे," बाई म्हणाल्या. "पण आज माझी संमती नाही."

माझ्या अशिलाने झटकन मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी बाईंच्या वकिलांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा सांगत होता की त्यांनाही हे आत्ताच कळतंय. साहेब मात्र जागचे हलले नाहीत. "कारण?" एवढंच विचारलं. "घराचं कर्ज," बाई म्हणाल्या. साहेबांनी दोघांना विवाह समुपदेशकांकडे पाठवलं आणि प्रकरण दुपारच्या सत्रात ठेवलं.

बाहेर येताच अशिलाचा बांध फुटला. "मॅडम, हे चालतं? सही करून माघार? तडजोडीच्या रकमेचा पहिला हप्ता घेतलाय तिने माझ्याकडून!"

चालतं. हिंदू विवाह कायद्यात कलम १३ब आलं १९७६ साली. त्यानुसार निदान वर्षभर वेगळं राहिलेल्या जोडप्याने मिळून याचिका करायची आणि सहा महिन्यांनंतर, अठरा महिन्यांच्या आत, पुन्हा दोघांनी मिळून 'आम्हाला घटस्फोट हवा' असं सांगायचं. अर्ज पहिल्या दिवशी केला म्हणून संमती कायमची बांधली जात नाही. हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत ती टिकायला हवी आणि तोवर कुणीही एकाने ती काढून घेऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्येच सांगितलंय. मधले सहा महिने माफ होऊ शकतात, हे २०१७च्या निकालापासून सगळ्यांना तोंडपाठ झालंय. त्याला अटी आहेत, हे मात्र कुणाला आठवत नाही. आमच्या प्रकरणात माफीचा अर्ज करायची वेळच आली नाही, तारखा पडता पडता सहा महिने आपसूक उलटले होते.

"मग टाका केस तिच्यावर. आता मलाच नकोय संमतीने. होऊ दे भांडण."

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यावर रागावत नाही. जिन्याजवळच्या बाकावर त्याला बसवलं आणि भांडण म्हणजे काय ते सांगितलं. संमतीची याचिका गेली की हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३खाली नवी याचिका. क्रूरता म्हणा किंवा परित्याग, जे कारण घ्याल ते पुराव्याने सिद्ध करायचं. तुमची उलटतपासणी, तिची उलटतपासणी, कदाचित तुमच्या आईचीही. बाई कलम २४खाली अंतरिम पोटगी मागणार. ती मागितली की दोघांनी मालमत्ता आणि देणी यांचं सविस्तर शपथपत्र द्यायचं. २०२०च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' निकालापासून यातून सुटका नाही: पगार, गुंतवणूक, कर्जं, सगळं. पोटगी मंजूर झाली तर ती अर्जाच्या तारखेपासून. निकालानंतर अपील आहेच. या सगळ्यात मुलगी सातवीतून दहावीत जाईल.

"पण सुप्रीम कोर्ट आता थेट देतं ना? संसार उरलाच नाही म्हणून?" मोबाइलवर वाचलेलं होतं. २०२३च्या घटनापीठाच्या निकालाचं ते अर्धं सत्य. विवाह सावरण्यापलीकडे गेला म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली तो मोडण्याचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. आमचे साहेब तो वापरू शकत नाहीत.

मग मी मूळ मुद्द्यावर आले. "कर्जाचं काय झालंय?"

तो गप्प. म्हणजे पाणी तिथेच मुरत होतं.

फ्लॅट दोघांच्या नावावर होता, कर्जालाही दोघं सहकर्जदार. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या लेखी अटींमध्ये, लिहिलं होतं की बाई आपला हिस्सा हक्कसोडपत्राने नवऱ्याला देतील आणि उरलेलं कर्ज नवरा फेडेल. वाचायला चोख. पण बँक या कराराची पक्षकारच नाही. नवरा-बायकोने आपसात काहीही ठरवलं, न्यायालयाने त्यावर शिक्का मारला, तरी बँकेच्या दृष्टीने दोघंही पूर्वीइतकेच जबाबदार. म्हणजे बाईंचा घरावरचा हक्क जाणार आणि कर्ज मात्र नावावर राहणार. टर्म्स ठरत होत्या तेव्हाच मी त्याला म्हटलं होतं, बँकेत जा, कर्ज एकट्याच्या नावावर करून देतात का ते लेखी आण. "बघतो" म्हणाला होता. समोरच्या वकिलांनी तो मुद्दा काढला नाही. तो काढून देणं माझं काम नव्हतं, पण माझा स्वतःचा अशील पुढे त्यात अडकू नये हे बघणं होतंच.

समुपदेशकांच्या खोलीत उरलेलं कळलं. बाईंनी स्वतःसाठी छोटं घर घ्यायचं ठरवलं होतं. कर्जासाठी अर्ज केला, तो फेटाळला गेला. का, तर बँकेने पाहिलेल्या पत-अहवालात आधीचं पूर्ण कर्ज त्यांच्या नावावर दिसत होतं आणि अलीकडचे काही हप्ते उशिरा भरलेले. "मी घर सोडलं, तरी ह्यांचा हप्ता चुकला की माझं नाव खराब होणार. हे असं किती वर्षं?" आवाज चढवला नाही त्यांनी. कर्जाची मुदत अजून बरीच होती. आकडा मोठा होता, प्रश्न रास्त होता. त्यांच्या जागी मी असते तर मीही सही मागे घेतली असती.

आता हे मी अशिलाला सांगायचं कसं? समोरच्या बाजूचं बरोबर आहे असं आपल्याच पक्षकाराला सांगणं, ह्याचे धडे लॉ कॉलेजमध्ये कुणी देत नाही. फौजदारी वकिलांना याची गरज कमी पडत असेल. आमचा निम्मा दिवस त्यातच जातो. त्याला बाहेर नेऊन म्हटलं, "त्यांची मागणी मान्य करण्यात तुमचंच हित आहे. त्या सहकर्जदार राहिल्या तर उद्या तुम्हाला फ्लॅट विकताना, कर्ज दुसऱ्या बँकेत नेताना, प्रत्येक वेळी त्यांची सही लागेल. चालेल?"

"मॅडम, तुम्ही नक्की कुणाच्या वकील आहात?"

"तुमच्याच. म्हणून सांगतेय. फी त्यांच्याकडून घेतलेली नाही."

हसला नाही. पण ऐकायला लागला. बँकेत तो खरंच जाऊन आला होता! त्याच्या एकट्याच्या पगारावर एवढं कर्ज बसत नाही, दुसरा सहकर्जदार आणा, असं सांगितलं होतं त्यांनी. उपाय तीनच होते. काही रक्कम आगाऊ भरून कर्ज त्याच्या पगारात बसवायचं, नवा सहकर्जदार आणायचा किंवा फ्लॅट विकून कर्ज मिटवायचं. रक्कम हाताशी नव्हती. विकायचा नव्हता.

"भाऊ आहे ना तुम्हाला? नोकरीत आहे?"

"आहे. पण त्याला माहीत नाही."

"कर्जाचं?"

"घटस्फोटाचं. घरी कुणालाच माहीत नाही."

दीड वर्षाहून अधिक काळ हा माणूस वेगळा राहत होता, समुपदेशनाला येत होता, हप्ते देत होता आणि गावी आई-वडिलांना, भावाला सांगत होता की बायको बदलीच्या गावी आहे. दिवाळीत काय सांगितलं असेल, विचारवलं नाही मला. बँकेचं पत्र का आलं नाही, उशिराचे हप्ते का, दुसऱ्या खोलीचं भाडं कशातून भरत होता, सगळं एकदम उलगडलं. त्याच्याविरुद्ध केस उभी असती तर समोरच्या वकिलाने याला लबाडी म्हटलं असतं. मला ती निव्वळ लाज वाटली. दोन्हीचा परिणाम सारखाच, घोडं अडलेलं.

"फोन लावा," मी म्हटलं. "आत्ता. दुपारच्या सत्राआधी मला साहेबांना काहीतरी सांगायचंय."

तो जिन्यात गेला. मी बाररूममध्ये समोरच्या वकिलांबरोबर बसून सुधारित कलमांचा मसुदा करायला घेतला. मुलीचा ताबा आईकडे, एक आड एक रविवार आणि अर्धी सुट्टी वडिलांकडे, याला कुणीच हात लावला नाही. त्याबद्दल दोघांचंही मला कौतुक वाटतं. बदललं ते एवढंच: आधी बँकेचं लेखी पत्र, त्यात बाईंचं नाव कर्जातून वगळल्याचा स्पष्ट उल्लेख, मग हक्कसोडपत्राची नोंदणी, मग बाईंना द्यायच्या रकमेचा उरलेला हप्ता डिमांड ड्राफ्टने न्यायालयात आणि त्यानंतर हुकूमनामा. आधीच्या मसुद्यात हा क्रम नेमका उलटा होता.

अशील परत आला तो कपाळाला आठ्या घालून. "त्याला माहीत होतं. वहिनी आणि ही अजून बोलतात म्हणे फोनवर. वर्षभर सगळ्यांना माहीत होतं, आणि मी..." पुढचं बोलला नाही. भाऊ सहकर्जदार व्हायला तयार होता, आईला मात्र तुझं तूच सांग म्हणाला.

दुपारी पुकारा झाला. दोन्ही बाजूंनी मिळून मुदत मागितली, सुधारित कन्सेंट टर्म्स दाखल करतो म्हणून. साहेबांनी बाईंना विचारलं, तुम्हाला मान्य? "बँकेचं पत्र हातात आलं की मान्य," त्या म्हणाल्या, आणि साहेबांनी ते तसंच रोजनाम्यात लिहून घेतलं.

पत्र यायला वेळ लागला. बँकेने दोन्ही भावांचे कागद मागवले, मूल्यांकन पुन्हा केलं. एक तारीख तर केवळ शिक्क्यापायी फुकट गेली. शेवटी सगळं ठरल्या क्रमाने झालं. साहेबांनी तोच प्रश्न विचारला, बाईंनी ड्राफ्टवरचा नंबर आपल्या वकिलांकडून दोनदा तपासून घेतला आणि मग 'होय' म्हणाल्या.

घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य मिळते, कायद्यातच तशी तरतूद आहे. माझ्या अशिलाला दोन हव्या होत्या. दुसरीसाठी प्रमाणित प्रतीचा अर्ज करायला लावला. ती भावाला हवी होती, आता तोही कर्जदार होता.