चार पुतळ्यापाशी निघालेला माफीचा विषय

हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरला निघालो तेव्हा डोक्यात फक्त गड्डा यात्रा आणि हुरडा होता, पण सकाळी रिक्षावाल्या काकांनी चार पुतळ्याला सोडलं आणि तिथेच अडकलो. गाडीला नाव पडलंय ते या पुतळ्यांतल्या चार हुतात्म्यांवरून, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, पोलीस चौकी जाळली गेली, दोन पोलीस मेले, मग मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना पोलिसांच्या खुनासाठी फाशी. खटलाच खोटा होता असं इथे कुणीही सांगेल.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ५ मार्चला, गांधी-आयर्विन करार झाला आणि हजारो सत्याग्रही सुटले, पण हिंसेच्या गुन्ह्यातले कैदी त्यातून वगळले होते, म्हणजे हे चौघे जिवंत असते तरी आतच राहिले असते. (त्या दोन पोलिसांच्या घरच्यांना तेव्हा कुणी काही विचारलं असेल का, देव जाणे.)

चहा पिताना काकांना विचारलं, माफी द्यायला हवी होती का? "हवीच होती की ओ!" मग गडचिरोलीत शरण येणाऱ्या नक्षलवाद्यांना? "ते वेगळं हाय." वेगळं कसं, ते काही सांगितलं नाही.

मला कोलंबिया आठवलं, तेच सांगितलं. २ ऑक्टोबर २०१६ ला तिथे फार्क बंडखोरांसोबतच्या शांतता करारावर जनमत घेतलं, शिक्षेत मोठी सूट होती, आणि ५०.२ टक्क्यांनी 'नको' जिंकलं. पण ज्या बोजाया गावात फार्कच्या बॉम्बने चर्चमध्ये लपलेली माणसं मेली होती, तिथे ९६ टक्के लोक 'हो' म्हणाले! नंतर करारात बदल करून तो संसदेतूनच मंजूर केला, परत जनतेला विचारायच्या भानगडीत सरकार पडलं नाही.

हे ऐकून बाकड्यावरचा एकजण तापला. त्याचा भाऊ एसआरपीत, गडचिरोलीला बंदोबस्त करून आलेला. "भावाला विचारा, मग माफीचं बोला."

"काय म्हणतो भाऊ?"

"तो म्हणतोय येतायत तर येऊ द्या, मिटवा एकदाचं. मलाच पटत नाही."

"आणि ज्यानं पोलीस मारलाय त्याला पण?" काकांनी विचारलं.

"ते नाही विचारलं त्याला."